थंड क्वार्क द्रव्य: ताऱ्याचं वजन मोजून ते सापडेल का?

कालिन्याच्या विद्यानगरीत एम.एस्सी. भौतिकशास्त्राला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "मॅडम, जड न्यूट्रॉन ताऱ्यांच्या गाभ्यात क्वार्क द्रव्य असल्याचा पुरावा मिळाला, अशी बातमी २०२० मध्ये आली होती. तरी व्याख्यानात सगळे अजून 'असू शकतं' एवढंच म्हणतात. क्यूसीडीची समीकरणं १९७३ पासून माहीत आहेत, टीआयएफआरमध्ये ती संगणकावर सोडवतातही. मग गाभ्यात काय आहे ते गणित करून का सांगता येत नाही? आणि कोट्यवधी अंश तापमानाचं द्रव्य थंड कसं? मला यावर प्रोजेक्ट करायचा आहे, सुरुवात कुठून करू?"

इतर वाचकांसाठी दोन शब्द: न्यूट्रॉन तारा म्हणजे मोठा तारा कोसळून उरलेला अतिघन गोळा, क्वार्क म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात ते कण, क्यूसीडी म्हणजे त्यांना बांधणाऱ्या बलाचा सिद्धांत, आणि टीआयएफआर म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था. तापमानाचं आधी सांगते. ते लवकर आटपेल आणि पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. न्यूट्रॉन तारा जन्मून काही हजार वर्षं झाली की त्याच्या आतलं तापमान दहा कोटी केल्विनच्या घरात येतं. ऊर्जेत मांडलं तर हे जेमतेम ०.००९ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, कणांच्या ऊर्जेचं एकक). त्याच गाभ्यात क्वार्क मोकळे असतील तर, एका अवस्थेत एकच कण या पाउलीच्या नियमाने, त्यांना एकेक पातळी भरत वर चढावं लागतं, आणि सगळ्यात वरच्या भरलेल्या पातळीची ऊर्जा, म्हणजे फर्मी ऊर्जा, ४०० एमईव्हीच्या आसपास जाते. दोन्हींचं गुणोत्तर ४५ हजारांच्या पुढे. तुझ्या खोलीतल्या तांब्याच्या वायरमधल्या इलेक्ट्रॉनांसाठी हेच गुणोत्तर ७ ईव्ही भागिले ०.०२५ ईव्ही, म्हणजे २८० येतं. या मापाने न्यूट्रॉन ताऱ्याचा गाभा तांब्याच्या तारेपेक्षा दीडशेहून जास्त पटींनी थंड आहे. उष्णतेमुळे हलतात ते फक्त फर्मी पृष्ठभागाला लागून असलेले थोडे कण. खालच्या भरलेल्या पातळ्यांना, ज्याला आपण फर्मी समुद्र म्हणतो त्याला, तापमानाचा पत्ताही लागत नाही.

तुझ्या मुख्य प्रश्नाचं उत्तर इथेच दोन भागांत विभागलं जातं. ताऱ्याचं वस्तुमान आणि त्रिज्या ठरते दाबावर, आणि दाब ही अख्ख्या समुद्राची बेरीज असते. तारा किती वेगाने निवतो, आतला द्रव किती चिकट आहे, फिरण्याच्या वेगात अचानक झटका का बसतो, हे मात्र पृष्ठभागावरचे कण ठरवतात. २०२० ची बातमी समुद्राबद्दल होती. 'आत क्वार्क द्रव्य आहे का' हा प्रश्न माझ्या मते पृष्ठभागाचा आहे, आणि तिथली मोजमापं अजून पुरेशी बोलकी झालेली नाहीत.

आता थोडे आकडे. साध्या अणुकेंद्रात दर घनफर्मीला ०.१६ न्यूक्लिऑन (म्हणजे प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन) असतात; फर्मी म्हणजे मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग. एका घनसेंटीमीटरमध्ये हे २७ कोटी टन होतात. या घनतेला आपण 'एकपट' म्हणू. प्रोटॉनची त्रिज्या ०.८४ फर्मी, म्हणजे घनफळ सुमारे २.५ घनफर्मी. एवढ्या आकाराचे कण एकमेकांना खेटून जागाच उरली नाही, अशी वेळ अडीचपट घनतेला येते. जड ताऱ्याच्या केंद्रात बहुतेक मॉडेलं चार ते सहा-सातपट घनता देतात. उलट बाजूनेही हिशेब करून पाहा: अप, डाउन आणि स्ट्रेंज या तिन्ही प्रकारचे (फ्लेवरचे) क्वार्क वस्तुमानरहित आणि मोकळे धरले, तर बॅरिऑनची (तीन क्वार्कांच्या गटाची) घनता क्वार्कच्या केमिकल पोटेन्शियलच्या (आणखी एक क्वार्क घालायला लागणाऱ्या ऊर्जेच्या) घनाला पाय-वर्गाने भागून मिळते. ४०० एमईव्हीला ती ०.८४ प्रति घनफर्मी, म्हणजे पाचपटीहून थोडी जास्त येते. दोन्ही हिशेब एकाच परिसरात येऊन थांबतात. असिम्प्टोटिक फ्रीडमचा, म्हणजे क्वार्क जवळ आले की त्यांच्यातलं बल दुबळं होतं याचा, शोध ग्रॉस, विल्चेक आणि पोलित्झर यांनी १९७३ मध्ये लावला, आणि अतिघन द्रव्यात क्वार्क मोकळे असावेत हे कॉलिन्स आणि पेरी यांनी १९७५ मध्ये लगेच मांडलं. कल्पना इतकी जुनी आहे. पण प्रोटॉनला काही कवच नसतं की खेटल्याबरोबर फुटावं. त्याचा क्वार्क-ढग बाहेर हळूहळू विरळ होत जातो, म्हणून या हिशेबातून परिसर कळतो, निकाल लागत नाही.

मग क्यूसीडी सोडवूनच का टाकत नाही? लॅटिसवर नेमकं काय करतात ते पाहा. अवकाश आणि काळाची चौमिती जाळी घ्यायची, जाळीच्या प्रत्येक दुव्यावर ग्लुऑनचं (क्वार्कांना बांधणारं बल वाहणाऱ्या कणाचं) एक मॅट्रिक्स ठेवायचं. क्वार्क इंटिग्रेट करून काढले की त्यांच्या जागी एक डिटरमिनंट (मॅट्रिक्समधून निघणारी एक संख्या) उरतो. त्या डिटरमिनंटसकट जो भारांक तयार होतो तो संभाव्यता मानून यादृच्छिक नमुने घ्यायचे आणि सरासरी काढायची. क्वार्क आणि प्रतिक्वार्क समसमान असतील तर डिटरमिनंट वास्तव आणि धन असतो, सगळं सुरळीत चालतं. ताऱ्यात मात्र क्वार्क जास्त आणि प्रतिक्वार्क जवळपास नाहीतच. हा असमतोल केमिकल पोटेन्शियलने घातला की डिटरमिनंट संमिश्र संख्या होतो, आणि संमिश्र संख्येला संभाव्यता म्हणता येत नाही. त्याची कला (फेज) वेगळी काढून सरासरीत टाकली तर धन आणि ऋण वाटे एकमेकांना खाऊन टाकतात. उरलेला शेष घनफळ भागिले तापमान या प्रमाणात घातांकी वेगाने लहान होत जातो. तापमान शून्याकडे नेलं की तो घातांक आणखी फुगतो. या अडचणीला आम्ही साइन प्रॉब्लेम म्हणतो. संगणक दहापट मोठा आणून ती सुटत नाही, कारण लागणारा वेळच घातांकाने वाढतो.

तू टीआयएफआरचा उल्लेख केलास म्हणून तिथलं काम नीट सांगते. राजीव गवई आणि सौरेंदू गुप्ता यांनी २००३ पासून एक वाट रुळवली. केमिकल पोटेन्शियल शून्य असताना साइन प्रॉब्लेम नसतो, तर दाबाची घातमालिका मांडून तिचे तिथले (टेलर) सहगुणक मोजायचे आणि त्या मालिकेच्या आधाराने पुढे सरकायचं. क्रिटिकल पॉइंट (न्यूक्लिऑन द्रव्य आणि क्वार्क द्रव्य यांच्यातली स्पष्ट सीमा जिथे संपते तो बिंदू) कुठे असावा याचा अंदाज त्यांनी २००५ मध्ये या पद्धतीने दिला. जड अणुकेंद्रांच्या टकरींतून बनणाऱ्या गरम द्रव्यासाठी ही पद्धत आज जगभर वापरतात, आणि कुलाब्यात झालेल्या या कामाचा मला मनापासून अभिमान वाटतो. पण मालिका ज्या राशीत उलगडते ती आहे बॅरिऑनचं केमिकल पोटेन्शियल भागिले तापमान. आजच्या मालिका ही राशी तीनच्या आसपास जाईपर्यंत विश्वासार्ह राहतात. ताऱ्याच्या गाभ्यात ती १२०० एमईव्ही भागिले ०.००९ एमईव्ही, म्हणजे लाखाच्या वर आहे. तापमान-घनतेचा आराखडा तोच, पण हे गणित त्याच्या गरम बाजूचं आहे आणि तुझा प्रश्न थंड बाजूचा.

थंड बाजूला आपल्या हाती दोन टोकं आहेत. खालचं टोक अणुकेंद्रीय बलांच्या कायरल प्रभावी सिद्धांताचं, ज्यात क्वार्कांऐवजी न्यूक्लिऑनच धरून हिशेब करतात. ते दीड-दोनपट घनतेपर्यंत नेतं, आणि प्रत्येक पायरीला त्रुटी किती हेही सांगतं. वरचं टोक पर्टर्बेटिव्ह क्यूसीडीचं, म्हणजे बल दुबळं धरून पायरीपायरीने केलेल्या गणिताचं. फ्रीडमन आणि मॅक्लेरन यांनी १९७७ मध्ये त्याचा पाया घातला, आणि मूळ फिनलंडच्या अलेक्सी वुओरिनेन, अलेक्सी कुर्केला यांच्या गटाने गेल्या पंधरा वर्षांत ते पुढच्या क्रमांपर्यंत नेलं. पण त्यावर भरवसा ठेवता येतो तो चाळीसपट घनतेच्या पुढे. तारा बसलाय पाचपटीला.

चाळीसपटीच्या गणिताचा पाचपटीला काय उपयोग, असं पुष्कळ जण विचारतात. उपयोग आहे, आणि तो मला या विषयातल्या सर्वांत देखण्या युक्तिवादांपैकी एक वाटतो. दोन्ही टोकांना घनता आणि दाब माहीत आहेत. मधली रेषा कशीही असो, तिने दोन अटी पाळायलाच हव्यात: द्रव्य स्थिर असलं पाहिजे, आणि त्यातला ध्वनी प्रकाशापेक्षा वेगाने जाता कामा नये. एखादं मॉडेल सहापटीला फार जास्त दाब देत असेल, तर तिथून निघून वरच्या टोकाला या दोन अटी पाळत पोहोचताच येत नाही. ते मॉडेल ताऱ्याच्या बाबतीत कितीही बरोबर दिसलं तरी क्यूसीडीशी विसंगत ठरतं. कोमोल्तसेव्ह आणि कुर्केला यांनी २०२२ मध्ये हे स्वच्छ मांडलं. या अटींपलीकडे यात मधल्या भागाबद्दल एकही गृहीतक नाही.

निरीक्षणं दुसऱ्या बाजूने दाबतात. २०१० मध्ये पीएसआर जे१६१४-२२३० या पल्सारचं (फिरता फिरता ठरावीक तालात स्पंद पाठवणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याचं) वस्तुमान सूर्याच्या दुपटीच्या जवळ निघालं, आणि मऊ द्रव्याची बरीच मॉडेलं त्या एका मोजमापाने बाद झाली. २०१३ मध्ये पीएसआर जे०३४८+०४३२ चं २.०१ सूर्यवस्तुमान आलं, पुढे पीएसआर जे०७४०+६६२० चं २.०८, त्रुटी ०.०७. दुसरीकडे १७ ऑगस्ट २०१७ ला लायगो-व्हर्गो या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळांनी पकडलेल्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणाने सांगितलं की हे तारे एकमेकांच्या ओढीने फारसे लांबोडके होत नाहीत, म्हणजे त्रिज्या फार मोठी नाही. नायसर दुर्बिणीच्या क्ष-किरण मोजणीत त्रिज्या १२-१३ किलोमीटरच्या आसपास आल्या. सगळं एकत्र केलं की चित्र असं दिसतं: दोन-तीनपट घनतेला द्रव्य झपाट्याने कडक होतं, ध्वनिवेगाचा वर्ग प्रकाशवेगाच्या वर्गाच्या एक तृतीयांशाच्या वर जातो, आणि त्याहून खोलवर ते पुन्हा नरम पडायला लागतं.

२०२० चा दावा या नरम पडण्यावर उभा होता. आन्नाला आणि सहकाऱ्यांनी दोन्ही टोकांना जोडणाऱ्या लाखो रेषा तयार केल्या, निरीक्षणात न बसणाऱ्या गाळल्या, आणि उरलेल्यांमध्ये सर्वांत जड ताऱ्यांच्या केंद्रात दाब-ऊर्जा रेषेचा चढ कसा आहे ते पाहिलं. तो चढ न्यूक्लिऑन द्रव्याच्या मॉडेलांसारखा तीव्र नव्हता, क्वार्क द्रव्याच्या जवळचा होता. २०२३ मध्ये त्याच गटाने बेझियन (संभाव्यता मोजणाऱ्या) पद्धतीने पुन्हा हिशेब करून सर्वांत जड ताऱ्यांसाठी ही शक्यता ८० ते ९० टक्के दिली. उरलेल्या टक्क्यांत मुख्य पर्याय असा, की तीव्र प्रावस्था-बदल (पाण्याची वाफ होण्यासारखा अवस्थेतला बदल) होऊन तारा त्या क्षणी अस्थिरच होतो आणि क्वार्क गाभा टिकतच नाही.

हे काम मी फार महत्त्वाचं मानते. मात्र ते नेमकं काय सांगतं ते लक्षात घे. त्या घनतेला द्रव्याच्या दाबातून न्यूक्लिऑनच्या वस्तुमानाचं माप पुसट होत गेलं आहे, एवढं ते सांगतं. क्वार्क मोकळे फिरतात का, फिरत असतील तर कोणत्या प्रावस्थेत, हे त्यात येत नाही. मार्क आल्फर्ड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्येच दाखवलं होतं की क्वार्क गाभा असलेला तारा वस्तुमान-त्रिज्येच्या आलेखावर साध्या न्यूट्रॉन ताऱ्याचं हुबेहूब सोंग घेऊ शकतो. वस्तुमान आणि त्रिज्या आणखी काटेकोर मोजून हा गुंता पूर्ण सुटणार नाही.

आता पृष्ठभागाकडे वळते. माझं आयुष्य बरंचसं इथे गेलंय, तेव्हा इथे जरा रेंगाळते.

थंड फर्मी समुद्राच्या पृष्ठभागावर कणांमध्ये किंचितही आकर्षण असलं तर तो पृष्ठभाग तसाच राहू शकत नाही, विरुद्ध संवेगाचे कण जोड्या करतात. हे कूपरचं निरीक्षण, आणि अतिसंवाहकतेचा १९५७ चा बीसीएस सिद्धांत त्यावरच उभा आहे. धातूत इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात, म्हणून आकर्षण स्फटिकाच्या कंपनांकडून उसनं घ्यावं लागतं आणि ते दुबळं असतं. क्वार्कांना उसनवारी लागत नाही. दोन क्वार्क रंगाच्या (क्यूसीडीतल्या 'भारा'च्या, त्याचे तीन प्रकार असतात) प्रतिसममित रचनेत असले की ग्लुऑनची देवाणघेवाणच आकर्षण निर्माण करते, आणि तेही जगातल्या सर्वांत बलवान बलाचं. म्हणून थंड क्वार्क द्रव्य हे बहुतेक अपरिहार्यपणे अतिसंवाहक असतं. बेलिन आणि लव्ह यांनी १९८४ मध्ये याचा सविस्तर अभ्यास केला, पण तेव्हा गॅप, म्हणजे जोडीतून कण सुटा करायला लागणारी ऊर्जा, १ एमईव्हीच्या आसपास धरली गेली आणि विषय मागे पडला. १९९८ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की गॅप १०० एमईव्हीपर्यंत जाऊ शकते. त्यातल्या एका गटात आल्फर्ड, कृष्णा राजगोपाल आणि विल्चेक होते.

त्याच तिघांनी पुढे कलर-फ्लेवर लॉकिंग ही प्रावस्था मांडली. तीन फ्लेवर आणि तीन रंग, नऊही क्वार्क जोड्यांत गुंततात, आणि जोड्या अशा जुळतात की रंग फिरवला तर फ्लेवरही सोबत फिरवावा लागतो. अत्यंत उच्च घनतेला थंड क्यूसीडीचं खरं उत्तर हेच, यावर आमच्यात दुमत नाही. त्या टोकाला गॅप पहिल्या तत्त्वांपासून काढता येते. दाम थान सोन यांनी १९९९ मध्ये दाखवलं की घातांकात बीसीएससारखं एक भागिले जी-वर्ग न येता एक भागिले जी येतं; जी म्हणजे बलाचा जोर. कारण असं की चुंबकीय ग्लुऑनवर स्थिर अवस्थेत आवरण पडत नाही, त्यांची पोच लांबवर टिकते, आणि जोड्या जुळवायला त्यांची मदत होते. मात्र हे सूत्र खऱ्या अर्थाने काटेकोर होतं ते केमिकल पोटेन्शियल १० कोटी एमईव्हीच्या पुढे गेल्यावर. ताऱ्यात ते चारशे आहे. चारशेला गॅप किती, हे १० ते १०० एमईव्ही या पट्ट्यापलीकडे कोणी ठामपणे सांगू शकत नाही.

आणि चारशेला स्ट्रेंज क्वार्कचं वस्तुमान आडवं येतं. तो जड असल्यामुळे त्याचा फर्मी संवेग कमी पडतो, आणि जोडी जमवायला तर संवेग जुळायला हवेत. निकष ढोबळमानाने असा: स्ट्रेंजच्या वस्तुमानाचा वर्ग भागिले केमिकल पोटेन्शियलची दुप्पट ही राशी गॅपपेक्षा मोठी झाली की सगळ्यांना गुंतवणारी ही प्रावस्था मोडते. घन द्रव्यात स्ट्रेंजचं परिणामी वस्तुमान २५० एमईव्ही धरलं तर ही राशी ७८ येते. गॅप १०० असेल तर प्रावस्था टिकली, ५० असेल तर मोडली. मोडल्यावर काय, याची एक शक्यता म्हणजे स्फटिकी प्रावस्था, जिथे जोड्यांना थोडा संवेग उरतो आणि गॅप अवकाशात लाटेसारखी वरखाली होते. १९६४ मध्ये चुंबकीय क्षेत्रातल्या अतिसंवाहकांसाठी सुचलेली ही कल्पना इथे नव्याने उगवली. मानारेली, राजगोपाल आणि ऋषी शर्मा यांनी २००७ मध्ये या स्फटिकाची ताठरता मोजली. न्यूट्रॉन ताऱ्याच्या कवचापेक्षा ती २० ते १००० पट निघाली. शर्मा पुढे टीआयएफआरमध्येच आले, तेव्हा तुला हा विषय समजून घ्यायला फार लांब जायची गरज नाही.

आता समुद्र आणि पृष्ठभाग यांतला फरक आकड्यांत पाहा. गॅप ५० आणि केमिकल पोटेन्शियल ४०० असेल तर जोड्यांमुळे दाबात पडणारी भर मोकळ्या क्वार्कांच्या दाबाच्या ६ टक्के आहे. निर्वाताची ऊर्जा वजा केल्यावर टक्केवारी थोडी वाढते, तरी वस्तुमान-त्रिज्येत ती इतर अनिश्चिततांत हरवून जाते. पृष्ठभागावर मात्र गॅप भागिले तापमान हाच घातांक उणे चिन्हाने लागतो, आणि तो उणे पाच हजारांच्याही खाली जातो. जे कण उष्णता वाहून नेत होते, न्यूट्रिनो सोडत होते, घर्षण करत होते, ते सगळे गोठून गेले. एकाच गॅपचा एकीकडे ६ टक्के परिणाम, दुसरीकडे सगळा व्यवहारच बंद. शोधायचं तर मी दुसरीकडे शोधेन.

निवण्यापासून सुरुवात करू. क्वार्क मोकळे आणि जोड्यांविना असतील तर डाउनचा अप होताना आणि परत डाउन होताना न्यूट्रिनो निसटत राहतात. इवामोटो यांनी १९८० मध्ये काढल्याप्रमाणे हा ऊर्जाक्षय तापमानाच्या सहाव्या घाताने चालतो, आणि साध्या न्यूट्रॉन द्रव्यातल्या नेहमीच्या प्रक्रियेपेक्षा तो कितीतरी जोरकस आहे. असा तारा वयाच्या मानाने फार थंड दिसायला हवा. नऊही क्वार्क गुंतलेले असतील तर उलट. गाभ्यात इलेक्ट्रॉनही लागत नाहीत, कारण तिन्ही फ्लेवर समसमान असले की विद्युतभार आपोआप शून्य होतो. असा गाभा निवण्यात भागच घेत नाही, बाहेरचा न्यूक्लिऑनचा थर निवेल तसा तारा निवतो. म्हणजे क्वार्क द्रव्य एका प्रावस्थेत तारा झटक्यात निववतं आणि दुसरीत स्वतःचा मागमूस लागू देत नाही. एखादा तारा भलताच थंड सापडला की 'क्वार्क मिळाले' म्हणून धावू नये ते यासाठीच. पुरेसे प्रोटॉन असलेलं साधं न्यूक्लिऑन द्रव्यही तसाच वेगाने निवू शकतं.

माझा जास्त भरवसा फिरण्यावर आहे. वेगाने फिरणाऱ्या ताऱ्यात आर-मोड नावाची एक डोलणारी हालचाल असते. गुरुत्वीय लहरी ती शमवण्याऐवजी वाढवतात, आणि त्या भरात तारा आपला वेग गमावतो. तिला आवर घालतं ते फक्त आतलं घर्षण. आपल्याला माहीत असलेला सर्वांत वेगवान पल्सार, पीएसआर जे१७४८-२४४६एडी, सेकंदाला ७१६ वेळा फिरतो, तेव्हा त्याच्या आत आवर घालणारं काहीतरी आहे. जोड्यांविना असलेल्या क्वार्क द्रव्यात स्ट्रेंज आणि डाउन यांची दुर्बल बलाने होणारी अदलाबदल नेमकी मिलिसेकंदाच्या तालाशी जुळते आणि भरपूर घर्षण देते. सगळे क्वार्क गुंतलेल्या प्रावस्थेत घर्षण जवळपास नाहीसं होतं. अख्खा तारा तसल्या द्रव्याचा असता तर इतका वेग टिकलाच नसता, हे येस मॅडसेन यांनी २००० मध्ये दाखवलं. बाहेर न्यूक्लिऑनचा थर असलेल्या ताऱ्याला हा निकाल लागू होत नाही, म्हणून वाद पूर्ण मिटला नाही. तरी एका प्रावस्थेला एका मोजमापाने असं थेट कोपऱ्यात गाठलेलं या विषयात क्वचितच दिसतं.

तिसरी खूण ग्लिचची. वेला पल्सारचा वेग काही वर्षांतून एकदा दशलक्षांशाच्या प्रमाणात अचानक वाढतो. नेहमीचं स्पष्टीकरण कवचातल्या अतिप्रवाही न्यूट्रॉनांच्या भोवऱ्यांचं आहे, पण ताठर स्फटिकी क्वार्क गाभाही भोवरे धरून ठेवू शकतो. आपल्याकडची नारायणगावजवळची जीएमआरटी आणि ऊटीची दुर्बीण या ग्लिचवर नजर ठेवून असतात. झटक्यानंतर वेग पूर्वपदावर कसा येतो, त्या उतरणीत गाभ्याचा किती वाटा आहे, यावर सिद्धांताच्या बाजूने अजून पुष्कळ काम बाकी आहे.

विलीनीकरणानंतरच्या २ ते ४ किलोहर्ट्झच्या लहरींबद्दल हल्ली खूप बोललं जातं, आणि हिंगोलीतल्या लायगो-इंडियाकडून आपल्या सगळ्यांच्या आशा आहेत. फक्त एक ध्यानात ठेव: दोन तारे आदळल्यावर तापमान काही दहा एमईव्हीपर्यंत जातं. ५० एमईव्ही गॅपची अतिसंवाहकता २८ एमईव्हीला वितळते. तिथे दिसेल ते गरम घन द्रव्य असेल, तुझा प्रश्न असलेलं थंड नव्हे.

आता प्रोजेक्ट. माझा सल्ला, स्ट्रेंज द्रव्याच्या गृहीतकापासून सुरू कर. बॉडमर यांनी १९७१ मध्ये आणि विटन यांनी १९८४ मध्ये मांडलं की तीन फ्लेवरचं क्वार्क द्रव्य लोखंडाच्या अणुकेंद्रापेक्षाही स्थिर असू शकतं. हा हिशेब कागदावर होतो. बॅग मॉडेल (मोकळे क्वार्क एका पिशवीत कोंडलेले धरणारं) घे, बॅग स्थिरांकाचा (त्या पिशवीच्या ऊर्जाघनतेचा) चौथा मूळ १४५ एमईव्ही धर, क्वार्क वस्तुमानरहित ठेव. तिन्ही फ्लेवर असतील तर दाब म्हणजे केमिकल पोटेन्शियलच्या चौथ्या घाताची तिप्पट भागिले चार पाय-वर्ग, वजा बॅग. दाब शून्य ठेवला की केमिकल पोटेन्शियल २७६ येतं, आणि बॅरिऑनमागे ऊर्जा त्याच्या तिप्पट, ८२९ एमईव्ही. दोनच फ्लेवर असतील तर भार शून्य राहण्यासाठी डाउन अपच्या दुप्पट हवेत, आणि तोच हिशेब ९३४ वर येतो. लोखंडात हा आकडा ९३० आहे. ९३४ त्याच्या किंचित वर आहे म्हणून तुझ्या-माझ्यातली अणुकेंद्रं आपणहून विरघळत नाहीत, आणि ८२९ खाली आहे म्हणून गृहीतक जिवंत राहतं. आता स्ट्रेंजला १०० एमईव्ही वस्तुमान दे आणि ८२९ किती वर सरकतं ते बघ. बॅग वाढवत ने आणि ९३० कुठे ओलांडलं जातं ते शोध. वस्तुमानरहित क्वार्कांसाठी ही सीमा चौथा मूळ १६३ च्या जवळ असते.

मग हेच द्रव्य ताऱ्यातल्या गुरुत्व आणि दाबाचा तोल सांगणाऱ्या टोलमन-ओपेनहायमर-व्होल्कॉफ समीकरणात घाल. ऊर्जाघनतेतून चार बॅग वजा करून तीनने भागलं की दाब मिळतो, पायथनमध्ये वीस-पंचवीस ओळींचं काम आहे. १४५ ला कमाल वस्तुमान २.० सूर्यवस्तुमान आणि त्रिज्या ११ किलोमीटरच्या जवळ यायला हवी. रेषा मूळबिंदूपासून निघाली पाहिजे, कारण हे द्रव्य गुरुत्वाशिवायही स्वतःला बांधून ठेवतं. नंतर दाबात जोड्यांची भर घाल, गॅप ०, ५० आणि १०० ठेवून रेषा किती हलते ते पाहा, आणि त्याच तीन गॅपसाठी दहा कोटी केल्विनला उष्माधारकता काढ. दोन्ही आलेख शेजारी ठेवून पुढच्या वेळी बोलू.

आकडे जमले नाहीत तर आधी एककं तपास, या गणितात बहुतेक मुलं तिथेच अडतात. १ एमईव्ही प्रति घनफर्मी म्हणजे १.३२३ भागिले दहा लाख प्रति वर्गकिलोमीटर, आणि सूर्याचं वस्तुमान १.४७७ किलोमीटर. या दोन संख्या कोडच्या सुरुवातीलाच लिहून टाक.